ई-कचऱ्याचे संकलन आणि मूल्याची दिशा : स्वित्झर्लंड व भारत

वापरलेली लुगडी बोहारणीस देऊन तिच्याकडून पातेले घेणारी गृहिणी, फुटके तपेले मोडीत घालून नव्याच्या किमतीत वजावट मागणारे गिऱ्हाईक आणि रद्दीवाल्याच्या तराजूवर बारीक नजर ठेवणारा कारकून ह्या तिघांच्या वर्तनामागे एकच गृहीतकृत्य असते. वापर संपला म्हणून वस्तूचे मूल्य संपत नाही. ते घटते, आणि जे उरते ते ज्याच्या घरी वस्तू आहे त्याचे असते. ह्याच्या अगदी उलट गृहीतकृत्य असे की, टाकावयाची वस्तू हा एक भार आहे आणि तो उचलून नेणाऱ्यास टाकणाऱ्याने दाम मोजला पाहिजे. पहिल्या प्रकारात पैसा उचलणाऱ्याकडून टाकणाऱ्याकडे जातो, दुसऱ्या प्रकारात टाकणाऱ्याकडून उचलणाऱ्याकडे. विद्युत् व इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या कचऱ्याची, म्हणजे ज्यास आता सर्वत्र ई-कचरा म्हणतात त्याची, संकलनव्यवस्था उभारण्याचे जे प्रयत्न गेल्या साडेतीन दशकांत झाले त्यांचा इतिहास बहुधा कायद्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तो पैशाच्या ह्या दोन दिशांचा इतिहास म्हणून पाहिला असता भारतातील नियमांचे पुढे जे झाले त्याची संगती अधिक चांगली लागते, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ज्या देशांत अशी व्यवस्था सर्वांत आधी उभी राहिली त्यांत स्वित्झर्लंडचे स्थान अग्रभागी आहे. ह्याचे कारण स्विस लोकांच्या स्वभावात शोधण्याचा मोह अनेकांना होतो. वस्तुतः ते तेथील मजुरीच्या दरात व नगरव्यवस्थेत आहे. त्या देशात कचऱ्याची विल्हेवाट फुकट होत नाही ही जाणीव नागरिकांस आधीपासूनच होती. सेंट गॅलन शहरात १९७५ पासून कचऱ्याच्या पिशवीवरच शुल्क बसविलेले होते. जेथे मजुरी महाग आहे तेथे जुना संगणक हाताने उकलून त्यातील तांबे वेगळे काढणे परवडत नाही; वस्तूत धातू असूनही तिचे बाजारमूल्य ऋण होते. म्हणून ती कोणी विकत घेत नाही, आणि कोणी विकत घेत नाही म्हणून तिच्यासाठी व्यवस्था निर्माण करावी लागते. शीतपेटीतील वायूंचा प्रश्न ऐरणीवर आला तेव्हा, १९९० मध्ये, सेन्स ही संस्था स्थापन झाली. कार्यालयीन व संगणकीय उपकरणांच्या व्यापाऱ्यांच्या स्विको ह्या संघटनेने १९९४ पासून आपल्या सदस्यांच्या जुन्या मालाचे संकलन सुरू केले. ह्या दोन्ही यंत्रणा उद्योगांनी स्वेच्छेने उभारलेल्या होत्या, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. संघराज्याचा अध्यादेश १९९८ च्या जानेवारीत काढण्यात आला व १ जुलै १९९८ पासून अमलात आला. म्हणजे कायदा व्यवस्थेच्या मागून आला. त्याने ग्राहकावर उपकरण परत करण्याचे व विक्रेत्यावर ते परत घेण्याचे बंधन घातले, परंतु खर्च कोणी व कसा भागवावा हे ठरविले नाही. ते काम उद्योगांच्या संघटनांनी आधीच करून ठेवले होते.

त्यांची युक्ती साधी होती. नवे उपकरण विकताना किमतीतच एक लहानशी रक्कम पुनर्चक्रणाच्या खर्चासाठी आगाऊ घ्यावयाची. परत करण्याच्या वेळी ग्राहकाने काहीही द्यावयाचे नाही आणि त्याला काही मिळावयाचेही नाही. मग ते उपकरण कोठे घेतले होते, त्याची पावती आहे की नाही, त्याचा उत्पादक अजून व्यवसायात आहे की बुडाला, ह्यांपैकी कशाचीही चौकशी करण्याचे प्रयोजन उरत नाही. जपानने १९९८ च्या कायद्यान्वये २००१ पासून दूरचित्रवाणी संच, शीतपेटी, धुलाईयंत्र व वातानुकूलक ह्यांच्यासाठी शुल्क टाकण्याच्या वेळी घेण्याची पद्धत स्वीकारली. शुल्क टाकताना मागितले तर वस्तू रात्रीच्या वेळी रानात नेऊन टाकण्याचा मोह राहतो, आणि त्या देशास ह्या प्रश्नाशी झगडावे लागले. स्विस पद्धतीत तो मोहच नाही. २००३ च्या सुमारास तेथे दरसाल दरडोई ९ किलोग्रॅमहून अधिक ई-कचरा गोळा होत होता. युरोपीय संघाने त्याच वर्षी काढलेल्या निर्देशात आपल्या सदस्य राष्ट्रांपुढे ठेवलेले उद्दिष्ट दरडोई ४ किलोग्रॅमचे होते, ही तुलना पुरेशी बोलकी आहे.

ह्या सर्वांस जे तत्त्वाचे नाव मिळाले ते विस्तारित उत्पादक-दायित्व होय. स्वीडनमधील टोमास लिंडक्विस्ट ह्यांनी १९९० मध्ये तेथील पर्यावरण मंत्रालयासाठी लिहिलेल्या अहवालात ते प्रथम मांडले. उत्पादकाची जबाबदारी माल विकल्यावर संपत नाही, तर त्या मालाच्या अंतापर्यंत पोहोचते, असा त्याचा सारांश. तत्त्व म्हणून त्यात न्याय आहे, ह्याविषयी फारसा मतभेद नाही. परंतु ते ज्या परिस्थितीत जन्मले तिच्यात टाकलेल्या वस्तूला दुसरा कोणी दावेदार नव्हता, हे त्याचे मूक गृहीत पुढे विसरले गेले.

दरम्यान ह्या कचऱ्याचा दुसरा एक मार्ग जगापुढे आला. धोकादायक कचऱ्याच्या सीमापार वाहतुकीविषयीचा बाझेल करार १९८९ मध्ये झाला व १९९२ मध्ये अमलात आला. भारताने त्याच वर्षी त्यास अनुसमर्थन दिले. करार झाला तरी माल वाहत राहिला. २००२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील दोन संस्थांनी चीनमधील ग्वीयू ह्या गावाविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला, आणि उघड्यावर तारा जाळणारी व आम्लाच्या पिंपांवर वाकलेली माणसे पाश्चात्त्य वाचकांनी पाहिली. पुढच्याच वर्षी दिल्लीतील टॉक्सिक्स लिंक ह्या संस्थेने त्या शहरातील तशाच धंद्याचा वृत्तांत मांडला. भारतात ई-कचरा हा सार्वजनिक चर्चेचा विषय झाला तो येथपासून.

पण चर्चेचा विषय होण्यापूर्वी तो एक जुना, सुसंघटित व्यापार होता. त्याचे स्वरूप नीट पाहिल्याखेरीज पुढील कायद्यांचा अर्थ लागत नाही. दारोदार फिरणारा भंगारवाला रोख पैसे देऊन जुना संच उचलतो. तो आपला माल वस्तीतील दुकानदारास विकतो, आणि बहुधा त्याच दुकानदाराने सकाळी त्याला भांडवलासाठी उचल दिलेली असते. दुकानदाराकडून माल घाऊक व्यापाऱ्याकडे जातो, व तेथून तो फोडणाऱ्यांच्या गाळ्यांत पोहोचतो. दिल्लीत सीलमपूर व मंडोली, मुंबईत कुर्ला व साकीनाका ही अशा कामाची ठिकाणे म्हणून प्रसिद्धीस आली. ज्या वस्तूंत अजून प्राण आहे त्या दुरुस्त होऊन पुन्हा बाजारात येतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुने भाग घालून सजविलेले संगणक घेऊनच कित्येक विद्यार्थ्यांनी संगणकाची ओळख करून घेतली. पिक्चर ट्यूब चांगली असेल तर तिची बंदूक बदलून ती स्वस्त दूरचित्रवाणी संचात बसविली जाई. जे दुरुस्त होत नाही ते उकलले जाते : तांबे, ॲल्युमिनिअम, लोखंड, प्लॅस्टिक ह्यांचे ढीग वेगळे पडतात आणि प्रत्येक ढिगाचा खरेदीदार वेगळा असतो. बोर्डांचा मोठा प्रवाह मुरादाबादकडे वळला, हे अकारण नव्हते. पितळेच्या भांड्यांसाठी शेकडो भट्ट्या चालविणाऱ्या त्या गावास तांब्याची भूक जुनी होती व धातू वितळविण्याची विद्याही जुनी होती. फुटके तपेले मोडीत घेणारा बाजार आणि संगणकाचा बोर्ड मोडीत घेणारा बाजार ह्यांच्यात ह्या ठिकाणी खंड नाही, सातत्य आहे.

ह्या व्यापारात काहीही वाया जात नाही, असे त्याचे समर्थक सांगतात. ते अर्धसत्य आहे. ज्याला खरेदीदार आहे ते वाया जात नाही, एवढेच खरे. पिक्चर ट्यूबच्या काचेतील शिसे, नळीदिव्यातील पारा, शीतपेटीच्या फेसातील वायू, बोर्ड धुतल्यानंतर उरलेले आम्ल ह्यांना खरेदीदार नाही. ती सारी गल्लीतल्या गटारात, नदीत आणि काम करणाऱ्याच्या शरीरात जातात. मुरादाबादेस रामगंगेच्या काठी जाळलेल्या बोर्डांच्या राखेचे थर साचले. तारेवरचे आवरण उघड्यावर जाळणाऱ्यास त्या धुरासह जगावे लागते, आणि त्याच्या दिवसाच्या कमाईत ह्या नुकसानीची कोठेही नोंद नसते. भारतीय मार्गात टाकणाऱ्यास मिळणारी किंमत काही अंशी ह्या न नोंदलेल्या खर्चातूनच येते, हे मान्य करावयास हवे.

मालाचा मोठा भाग घरांतून नव्हे तर कार्यालयांतून येत असे, आणि तेथे शासनच विक्रेत्याच्या भूमिकेत होते. शासकीय वित्तीय नियमांप्रमाणे निरुपयोगी सामानाची विल्हेवाट निविदेने अथवा जाहीर लिलावाने लावावयाची असते. उद्देश हा की सार्वजनिक मालमत्तेस अधिकात अधिक किंमत यावी. लिलावात जो सर्वांत जास्त बोली लावतो तो बहुधा विल्हेवाटीवर सर्वांत कमी खर्च करणारा असतो, ही बाब त्या नियमांच्या कक्षेबाहेर राहिली. तिची सर्वांत दारुण साक्ष एका वेगळ्या प्रकारच्या उपकरणाने दिली. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात १९८५ पासून पडून असलेले गॅमा किरणांचे एक यंत्र २०१० च्या फेब्रुवारीत इतर भंगाराबरोबर लिलावात विकले गेले. मायापुरीच्या भंगारबाजारात ते फोडले गेल्यावर आतील कोबाल्ट-६० उघडे पडले. अनेक जण आजारी झाले व एका कामगाराचा मृत्यू झाला. ते यंत्र ई-कचऱ्याच्या व्याख्येत बसणारे नव्हते. परंतु भांडारातील नोंद, लिलावाची बोली आणि हातोडा ह्यांच्या मध्ये त्या वस्तूत काय आहे हे विचारणारी कोणतीही पायरी नाही, हे त्या घटनेने दाखविले, आणि विद्यापीठांच्या प्रत्येक विभागाने ते लक्षात ठेवण्यासारखे आहे.

स्विस अनुभव व भारतीय बाजार ह्यांची प्रत्यक्ष गाठ २००३ नंतर पडली. स्विस सरकारच्या आर्थिक व्यवहार विभागाने एम्पा ह्या पदार्थविज्ञान-संस्थेकरवी भारत, चीन व दक्षिण आफ्रिका ह्या तीन देशांत ई-कचऱ्याच्या पुनर्चक्रणाविषयीचा सहकार्य-कार्यक्रम हाती घेतला. एम्पा हीच संस्था स्वदेशी स्विको व सेन्स ह्यांच्या कामाची तांत्रिक तपासणी करीत होती. ह्या कार्यक्रमातून स्वित्झर्लंड व भारत ह्यांची जी तुलना २००५ मध्ये प्रसिद्ध झाली तिच्यात दोन्ही देशांतील पैशाच्या प्रवाहातील भेद स्पष्ट नोंदलेला आहे. त्याच वर्षी बंगळूरजवळ दाबसपेट येथे ई-परिसर हा देशातील पहिला अधिकृत पुनर्चक्रण-कारखाना सुरू झाला.

बंगळूरमध्ये झालेले एक संशोधन विशेष उद्बोधक आहे. तेथील लहान कारागीर बोर्डांवरील सोने सायनाइडच्या द्रावात उतरवून काढीत. त्यांच्या हाती मूळ सोन्याच्या सुमारे चौथा हिस्साच लागतो, उलट बेल्जममधील होबोकन येथील मोठ्या धातुशोधन कारखान्यात शेकडा ९५ च्या आसपास सोने परत मिळते, असे त्या मोजमापात आढळले. ह्यावरून निघालेली योजना तर्कशुद्ध होती : उकलण्याचे व निवडण्याचे काम, ज्यात भारतीय हात यंत्रापेक्षा सरस आहे, ते येथे करावे आणि बोर्ड न धुता परदेशी पाठवावेत, अधिक मिळणाऱ्या सोन्यातून कारागिरास पूर्वीपेक्षा जास्त मोबदला देता येईल. कागदावर ह्यात सर्वांचा लाभ होता. तथापि धातुशोधक कारखाना मालाचे नमुने तपासून मग दाम देतो, आणि त्यापूर्वी माल पुरेशा मोठ्या प्रमाणात साठवून, परवाने मिळवून जहाजावर चढवावा लागतो. ज्याने सकाळी उचल घेतली आहे त्याला संध्याकाळी रोकड हवी असते. सायनाइडच्या पिंपाचे खरे सामर्थ्य त्याच्या रसायनात नसून त्याच्या वेगात होते, आणि पर्यायी योजनांचे गणित करणाऱ्यांनी ह्या वेगाची किंमत पुरेशी धरली नाही.

भारतीय नियमांची कहाणी ह्या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अंदाजाप्रमाणे २००५ मध्ये देशात १,४६,१८० टन ई-कचरा निर्माण झाला होता. राज्यांत महाराष्ट्राचा व शहरांत मुंबईचा क्रमांक पहिला होता. दोन वर्षांनी झालेल्या एका पाहणीत केवळ संगणक, दूरचित्रवाणी संच व भ्रमणध्वनी ह्यांचाच आकडा ३,३२,९७९ टन आला, आणि प्रत्यक्ष पुनर्चक्रण मात्र सुमारे १९ हजार टनांचेच होत असल्याचे दिसले. उरलेला माल कपाटांत, माळ्यांवर आणि दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या वापरात होता. २००८ मध्ये मार्गदर्शक सूचना निघाल्या. २०११ च्या मे महिन्यात स्वतंत्र नियम अधिसूचित होऊन ते १ मे २०१२ पासून अमलात आले. त्यांनी उत्पादक-दायित्वाचे तत्त्व प्रथमच भारतीय विधीत आणले. उत्पादकाने संकलनकेंद्रे उभारावीत असे त्यांत होते, पण किती गोळा करावे ह्याचा आकडा नव्हता. स्वाभाविकच केंद्रांचे पत्ते छापले गेले आणि माल पूर्वीच्याच वाटेने जात राहिला. ज्या वस्तूचे दाराशी रोख पैसे मिळतात ती गृहस्थाने स्वतःच्या खर्चाने शहराच्या दुसऱ्या टोकास नेऊन फुकट द्यावी, अशी अपेक्षा त्या व्यवस्थेत होती. स्विस गृहस्थ तेच करतो हे खरे. परंतु त्याच्या दाराशी तराजू घेऊन कोणी उभा नसतो.

२०१६ चे नियम १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू झाले. त्यांनी नळीदिव्यांसारख्या पारायुक्त दिव्यांचा समावेश केला आणि संकलनाची टक्केवारी ठरवून दिली. त्यांतच अनामत-परताव्याची तरतूदही होती : विक्रीच्या वेळी उत्पादकाने अनामत घ्यावी व उपकरण परत आल्यावर ती व्याजासह फेडावी. आजवरच्या सर्व तरतुदींत भारतीय व्यवहाराच्या दिशेशी जुळणारी ही एकच होती, कारण तिच्यात परत करणाऱ्याच्या हातावर पैसे पडत होते. ती ऐच्छिक ठेवण्यात आली, आणि ऐच्छिक अनामत कोणता उत्पादक आपण होऊन घेईल? जो घेईल त्याचा माल शेजाऱ्याच्या मालापेक्षा महाग दिसणार. नियमकर्त्यांची ह्या ठिकाणी झालेली चूक लहान वाटते, परंतु परिणामाने ती मोठी आहे.

टक्केवारीचे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. मूळ नियमांत पहिल्या दोन वर्षांसाठी ३० टक्क्यांचे लक्ष्य होते. २०१८ च्या मार्चमध्ये ते खाली आणून २०१७-१८ साठी १०, २०१८-१९ साठी २० आणि पुढे दरसाल १० टक्क्यांची वाढ असे करण्यात आले. मंडळाच्या आकड्यांप्रमाणे २०१७-१८ मध्ये निर्माण झालेल्या ७,०८,४४५ टनांपैकी सुमारे ६९,४१४ टन, म्हणजे ९.७९ टक्के, गोळा झाले. पुढच्या वर्षी २१.३५ टक्के, २०१९-२० मध्ये १०,१४,९६१ टनांपैकी २२.०७ टक्के. पहिल्या दोन वर्षांत आकडा लक्ष्याला जवळजवळ चिकटून चालतो आणि तिसऱ्या वर्षी मागे पडतो. इतिहासाच्या अभ्यासकाने ह्या आकड्यांचा उपयोग करताना दोन गोष्टी विसरू नयेत. एक, हे अधिकृत कारखान्यांच्या फाटकावर नोंदलेले वजन आहे. तो माल तेथवर कोणाच्या हातून आला हे त्यातून कळत नाही. दुसरे, एकूण निर्मितीचा आकडा २१ प्रकारच्या उपकरणांच्या विक्रीवरून व त्यांच्या सरासरी आयुष्यावरून काढलेला आहे. सर्व प्रकारची उपकरणे धरणाऱ्या एका जागतिक पाहणीने २०१९ साठी भारताचा आकडा सुमारे ३२ लक्ष टन दिला होता. मंडळाच्या १० लक्षांच्या तिप्पट असलेला हा आकडा खरा मानला तर वरील टक्केवारी एक-तृतीयांशावर येते.

येथे पुण्याच्या एका प्रयोगाचा उल्लेख करणे अप्रस्तुत होणार नाही, कारण त्यात दोन्ही दिशा एकत्र आल्या आहेत. कचरा वेचणाऱ्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव ह्यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. तिच्या सभासदांच्या ओळखपत्रांस महापालिकेने १९९५-९६ मध्ये मान्यता दिली. तिच्यातून निघालेल्या ‘स्वच्छ’ ह्या सहकारी संस्थेने २००८ मध्ये महापालिकेशी करार करून घरोघरच्या संकलनाचे काम घेतले. तेथे घरमालक सेवेचे शुल्क देतो आणि वेचलेल्या विकाऊ मालाची किंमत वेचणाऱ्या बाईची असते. ज्याला भाव आहे तो माल भावाने जातो, ज्याला नाही तो शुल्काच्या बळावर उचलला जातो. जुनी उपकरणे स्वीकारण्याचे उपक्रमही ह्या संस्थेने केले. ह्या रचनेचा पाया सभासदत्व हा होता; कोण उचलतो ह्याचे उत्तर नाव घेऊन देता येत होते. ई-कचऱ्याच्या केंद्रीय नियमांत असे उत्तर शोधू गेल्यास सापडत नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये अधिसूचित व १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या नियमांनी उपकरणांची यादी १०६ प्रकारांपर्यंत वाढविली आणि संकलनाच्या जागी पुनर्चक्रणाचे लक्ष्य घातले : पहिल्या दोन वर्षांत ६० टक्के, नंतर दोन वर्षे ७०, पुढे ८०. उत्पादकाने आता स्वतः माल गोळा करावयाचा नाही. नोंदणीकृत पुनर्चक्रण-कारखान्याने सोने, तांबे, लोखंड व ॲल्युमिनिअम ह्यांच्या प्राप्तीवर मिळविलेली प्रमाणपत्रे विकत घ्यावयाची. ह्यामुळे पैशाचा एक नवा ओघ सुरू झाला. तो उत्पादकाकडून कारखान्याकडे वाहतो, आणि तत्त्वतः कारखाना त्यातून भंगारबाजारापेक्षा चढी बोली लावू शकतो. ह्या ओघाची जाडी किती असावी ह्यावरूनच पुढील वाद उद्भवला. २०२४ मध्ये शासनाने घरगुती उपकरणांसाठी प्रतिकिलो २२ रुपयांची किमान किंमत ठरविली. प्रमाणपत्रे त्याहून फार स्वस्तात विकली गेली तर कारखाने खरे काम करणार नाहीत, हे त्यामागील कारण. काही मोठ्या उत्पादकांनी तिला २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. ह्या योजनेत आणखी एक अडचण मुळातच आहे. श्रेय ज्या चार धातूंवर मिळते त्या चौघांना बाजारात भाव पूर्वीच होता. शिसेयुक्त काच, पारा आणि शीतपेटीतील वायू ह्यांच्यासाठी स्विस ग्राहक आगाऊ रक्कम मोजतो, ती ह्यांना कोणी घेत नाही म्हणूनच.

नव्या नियमांखाली नोंदणी होते ती चार वर्गांची : निर्माता, उत्पादक, नूतनीकरण करणारा आणि पुनर्चक्रण करणारा. पूर्वीच्या नियमांतील संकलनकेंद्र, विक्रेता व उकलणारा हे वर्ग नोंदणीतून गेले. दाराशी तराजू घेऊन येणारा भंगारवाला त्या यादीत पूर्वीही नव्हता. उकलण्याचे व पुनर्चक्रणाचे काम करणाऱ्या कामगारांचा उल्लेख २०१६ च्या व २०२२ च्या, दोन्ही नियमांत आहे. तो राज्य शासनांच्या कर्तव्यांत आहे, आणि ती कर्तव्ये अशी की त्यांना ओळखावे, त्यांची नोंद करावी, त्यांचे गट बांधण्यास साह्य करावे व त्यांना प्रशिक्षण द्यावे. हे काम किती झाले ह्यावर मात्र कोणतेही प्रमाणपत्र मिळत नाही, आणि त्याची टक्केवारीही ठरविलेली नाही.